लेकरासोबत घरही येतं

सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर कुटुंबाच्या वाट्याला फार तर दोन ओळी येतात. बापाचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा परभणी. त्याखाली लगेच वजन, ताप, नाडी, श्वास. आजार कधी सुरू झाला, उलट्या किती झाल्या, शेवटची लघवी कधी झाली, हे सगळं विचारून लिहिलं जातं. लेकराला इथवर कुणी आणलं, कशानं आणलं, भाड्याचे पैसे कुणाकडून घेतले आणि घरी मागे कोण उरलं, हे लिहायला छापील कागदावर जागा नाही. ज्याला जागा नाही ते सहसा विचारलंही जात नाही.

ही पुस्तिका इंटर्न, निवासी डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी आणि कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी आहे. विषय एका वाक्यात सांगता येतो: अत्यवस्थ मूल घेऊन आलेल्या कुटुंबाच्या गरजा ओळखणं आणि त्यावर काही करणं हे डॉक्टरला शिकवायचं कसं. या गरजा म्हणजे सोबतीला माणूस, पोटाला अन्न, परतीचं भाडं, बुडालेली मजुरी, घरी ठेवून आलेलं दुसरं मूल आणि निर्णय घेणाऱ्या माणसाचा फोन लागणं. आपल्याकडे हा सगळा मामला दयेच्या खात्यात टाकायची रीत आहे. डॉक्टर कनवाळू असेल तर विचारील, खिशातून शंभर रुपये काढून देईल, नसेल तर नाही. मला हे वर्गीकरण चुकीचं वाटतं. सोबत कोण आहे, या प्रश्नाचं उत्तर ताप किती आहे याच्याइतकंच उपचाराचं भवितव्य ठरवतं. तो हिस्टरीचाच भाग आहे आणि हिस्टरी कशी घ्यायची हे शिकवता येतं.

यावर पहिला आक्षेप कुठला येणार ते ठाऊक आहे. चोवीस-चोवीस तास, कधी छत्तीस तास ड्यूटी करणाऱ्या पोरांना आता हेही करायला सांगायचं का? आक्षेप खोटा नाही. म्हणून क्रमाची गोष्ट आधी करू. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांच्या तातडीच्या उपचारांसाठी 'ईटॅट' ही पद्धत बसवली. दारातच मुलाकडे बघायचं: श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, झटके, शरीरातलं पाणी. ज्याच्यात धोक्याची खूण दिसेल त्याला रांगेतून उचलून थेट आत घ्यायचं. मलावी देशातल्या ब्लांटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलनं २००१ च्या सुमारास मुलांच्या विभागाची मांडणी अशी बदलली. भरती मुलांमधला मृत्यूचा दर तोवर शंभरात दहा ते अठरा होता. तो सहा ते आठवर आला. मोठी यंत्रं आणली नव्हती. रांग मोडली, खोल्या बदलल्या, माणसांना शिकवलं. घराबद्दलचे प्रश्न या पहिल्या यादीच्या पुढे घुसवा, असं या पुस्तिकेत कुठेही म्हटलेलं नाही. सुई लागली, सलाईन सुरू झालं, सिस्टरनं साखर तपासली, त्यानंतरची दोन मिनिटं आम्हाला हवी आहेत.

त्या दोन मिनिटांत काय हुकतं, ते एका रात्रीवरून सांगतो. ही एका कुटुंबाची हकीकत नाही. पुष्कळ रात्री एकत्र करून ती बांधली आहे आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात ती घडू शकते.

दहा महिन्यांचं मूल, वजन सात किलो, तीन दिवस जुलाब. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू खाली बसते. ड्यूटीवरची डॉक्टर मुलगी हुशार आहे. तिला तक्ता पाठ आहे: किलोला शंभर मिली रिंगर लॅक्टेट, वर्षाखालच्या बाळाला त्यातलं तीस पहिल्या तासात आणि सत्तर पुढच्या पाच तासांत. म्हणजे दोनशे दहा मिली, मग चारशे नव्वद. ती थेंब मोजून लावते. पहाटे बाळाला झटका येतो, थोड्या वेळानं पुन्हा येतो. श्वासाचं लक्षण बरं दिसत नाही, व्हेंटिलेटर लागू शकतो, खाट रिकामी नाही. नांदेडला पाठवायचं ठरतं. रेफर चिठ्ठी लिहिली जाते, १०८ ला फोन जातो.

आई खाटेच्या कडेला उभी आहे. वय असेल एकोणीस. सोबत सासू, तिला कमी ऐकू येतं. डॉक्टर सांगते, "ताई, बाळाला नांदेडला न्यावं लागेल, आत्ताच." आई म्हणते, "मालकाला इचारावं लागंल." मालक कोल्हापूरकडं उसाच्या फडात, फोन लागत नाही. "मोठी पोरगी शेजारणीपाशी ठिवून आले, तिला दूध बी न्हाई." डॉक्टर पुन्हा सांगते, आवाज जरा चढतो, कारण मागे आणखी दोन मुलं आली आहेत. आई गप्प होते. तासाभरानं सासू म्हणते, आम्ही घरी नेतो. कागदावर अंगठा आणि सही घेतली जाते: नातेवाइकांनी पुढील उपचारास नकार दिला, स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहेत. दवाखान्याच्या भाषेत 'डामा'.

त्या बाईनं नकार दिलाच नव्हता. तिनं तीन अडचणी सांगितल्या होत्या: नवरा सापडत नाही, मोठी मुलगी उघड्यावर आहे, आणि नांदेडात उतरल्यावर पुढे काय करायचं हे सोबतच्या म्हातारीला उमगणार नाही. तिन्हींवर काही ना काही करता आलं असतं. नवऱ्याचा फोन लागत नाही तर मुकादमाचा लागतो, कारण टोळीत त्याचा फोन सुरू ठेवावाच लागतो. भाऊ पूर्णेला असेल तर तो गाडी नांदेडला पोचण्याआधी तिथल्या दारात उभा राहू शकतो. शेजारणीला किंवा गावातल्या आशाताईला एक फोन करून मुलीची एका रात्रीची सोय होते. यातलं काहीही डॉक्टरनं स्वतः करायचं नाही. पण "ताई, आत्ता जायला अडचण काय आहे?" हे वाक्य तिनं विचारायचं असतं, ते कुणी तिला शिकवलेलं नव्हतं. तिच्या कागदावर मात्र 'नकार' ही नोंद कायमची झाली आणि तिच्या मनात 'अडाणी लोक' अशी दुसरी.

गंमत अशी की हे प्रश्न सरकारी कागदावर आधीपासून आहेत, फक्त फार उशिरा येतात. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मूल दगावलं की त्याच्या घरी जाऊन विचारायचं: आजार कधी ओळखला, दवाखान्यात न्यायचं कुणी ठरवलं, वाहन कधी मिळालं, पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना किती वेळ गेला. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात मांडलेले तीन उशीर या प्रश्नांमागे आहेत: ठरवायला लागलेला उशीर, पोचायला लागलेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला उशीर. उत्तम प्रश्न आहेत. आमचं म्हणणं इतकंच की त्यातले चार-पाच प्रश्न मूल श्वास घेत असतानाच विचारावेत.

परभणीबद्दल बोलताना अंतर विसरून चालत नाही. नांदेड पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, छत्रपती संभाजीनगरचं 'घाटी' रुग्णालय दोनशेच्या घरात. पालमच्या किंवा सोनपेठच्या खेड्यातलं कुटुंब आधी तालुक्याला येतं, मग परभणीला, मग पुढे. प्रत्येक टप्प्यावर एक नवी चिठ्ठी, एक नवा डॉक्टर आणि पहिल्यापासून सांगायची तीच कहाणी. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिनं जाण्याचा प्रश्न बराच हलका केला, हे मान्यच करायला हवं. येण्याचा प्रश्न मात्र उरला. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला, आणि पुढे वर्षापर्यंतच्या बाळाला, मोफत उपचारांबरोबर घरी परत सोडण्याची गाडीही आहे. तेरा महिन्यांचं लेकरू त्या यादीतून बाहेर पडतं. त्याच कार्यक्रमात आईला जेवण आहे, पण ते बाळंतपणाच्या दिवसांपुरतं. आजारी बाळासोबत आठ दिवस बसलेल्या आईच्या ताटाचा त्यात उल्लेख नाही. अंगावर पाजणारी बाई दवाखान्याच्या पायरीवर वडापाव खाऊन दिवस काढते आणि आपण तिला सांगतो की दूध वाढवा.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय देशभर गाजलं. चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यांत बारा नवजात. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधं होती का, डॉक्टर पुरेसे होते का, यावर रास्त चर्चा झाली. रुग्ण फार उशिरा आणि फार दुरून आले, हेही त्या वेळी सांगितलं गेलं, आणि बहुतेकांनी ती पळवाट समजून बाजूला सारली. पळवाट म्हणून ते वापरलं गेलं असेलही. पण परभणी-हिंगोलीकडून मुलं शेवटच्या तासात का पोचतात, हा प्रश्न म्हणून तो खराच होता, आणि त्याचं उत्तर नांदेडच्या वॉर्डात सापडणारं नव्हतं. ते आधीच्या दोन दवाखान्यांत, रेफर चिठ्ठी आणि गाडी यांच्यामध्ये गेलेल्या तासांत होतं.

ऊसतोडीबद्दल एक परिच्छेद स्वतंत्र लिहायला हवा, कारण बाहेरून आलेल्या डॉक्टरला त्यातलं काहीच माहीत नसतं. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते अंगमेहनतीनं. एक जण बसला की जोडीचं काम बसतं आणि खाडा पडतो. फडात लेकरू तापलं तर दुपारपर्यंत कोपीतच निजवायचं, संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर बघायचं, ही आईबापाची बेफिकिरी नसते, उचलीचा हिशेब असतो. तो हिशेब मराठवाड्यातला गावकरी सहज सांगतो. पण अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या निवासी डॉक्टरला तो कुणी सांगितलेला नसतो, आणि "इतके दिवस काय करत होता?" हा प्रश्न त्याच्या तोंडून आपसूक निघतो. या प्रश्नाला आजवर कुणा आईनं उपयोगाचं उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. पुस्तिकेत तो वर्ज्य ठरवला आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होतं, राज्यात सर्वांत जास्त. ही आकडेवारी बालविवाहाच्या चर्चेत नेहमी येते. बालरोग विभागात तिचा अर्थ कुणी लावत नाही. अर्थ असा की आपल्यासमोर मूल घेऊन उभी असलेली बाई पुष्कळदा स्वतःच अर्धवट वयाची आहे. तिनं कधी एकटीनं एसटीचं तिकीट काढलेलं नाही, घरात तिच्या शब्दाला वजन नाही, पैसे तिच्या हातात नाहीत. आपण तिला 'पालक' धरून बोलतो आणि निर्णय मागतो.

त्यात ती अजून अठराची झाली नसेल तर गाठ आणखी घट्ट बसते. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा निकाल दिला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, आणि त्यातून डॉक्टरही सुटत नाही. कायद्याचा हेतू मुलींच्या बाजूचा आहे याबद्दल वाद नाही. दवाखान्याच्या दारात मात्र तो असा उतरतो: सतरा वर्षांची आई तापलेलं बाळ घेऊन घरीच बसते, कारण नणंदेच्या वेळी दवाखान्यातून पोलीस आले होते असं तिनं ऐकलेलं असतं. आली तरी वय वाढवून सांगते, माहेर लपवते, चुकीचा फोन नंबर देते. मग त्या बाळाचा पाठपुरावा कशाच्या आधारावर करायचा?

यावर पुस्तिका तयार करतानाच मतभेद झाले आणि ते मिटलेले नाहीत. माझं मत देतो. कायदा डावलायचा नाही, पण कॅज्युअल्टीच्या रांगेत, दहा माणसांसमोर, "लग्न कितव्या वर्षी केलं?" असं ओरडून विचारायला कायद्यानं सांगितलेलं नाही. बाळाचे उपचार एक मिनिटही अडता कामा नयेत. पालकाची सही मिळेना तरी जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या तिसाव्या कलमाचं संरक्षण आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत ते ब्याण्णवावं होतं. आणि कळवायचं असेल तर ते त्या मुलीला आधी, पडद्याआड, साध्या शब्दांत सांगून कळवायचं: कुणाला सांगणार, ते येऊन काय विचारतील, तुझं बाळ तुझ्याकडून कुणी काढून घेणार नाही. सखी वन स्टॉप सेंटर किंवा १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनशी तिची गाठ दवाखान्यातच घालून द्यायची. तिला फसवलेलं नसेल, तर पुढच्या तापाला ती पुन्हा येईल. काही सहकाऱ्यांना हे फार आशावादी वाटतं. वाटू दे.

डॉ. अभय बंग आपल्या भाषणांतून गडचिरोलीजवळच्या एका गावातल्या बाळाची हकीकत सांगतात. शेवटच्या घटकेला आणलेलं ते बाळ त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं, आणि नंतर त्यांनी त्या एका मृत्यूची कारणं मोजली तर ती अठरा निघाली. न्यूमोनिया त्यातलं एक. बाकीची गरिबीपासून पूर आलेल्या नदीपर्यंत पसरलेली. सगळी अठरा दूर करायची गरज नाही, साखळीतली एखादी कडी तुटली तरी मूल वाचतं, हा त्यांचा निष्कर्ष. त्यातूनच पुढे घरोघरच्या नवजात बालसेवेचं काम उभं राहिलं आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं ही गोष्ट ऐकून हात झटकू नयेत. त्याच्यापर्यंत शेवटच्या दोन-तीन कड्याच येतात, हे खरं. पण त्या त्याच्याच हातात असतात, आणि त्यातली एक औषधाची असेल तर दुसरी बहुधा माणसांची असते.

दवाखान्यात या कामासाठी माणूस नेमण्याची कल्पना नवी नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये ती रुजवली; रुग्ण घरी गेल्यावर औषधांचं काय होतं हे त्यांना बघायचं होतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली भारतातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. आज आपल्या सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' हे पद आहे. प्रत्यक्षात त्या टेबलावर दाखल्यांचे आणि योजनांचे कागद इतके साचतात की पदाचा मूळ हेतू त्याखाली दबतो. शिवाय टेबल दिवसाचं आणि झटके येतात पहाटे. १९९३ मध्ये बोस्टनमध्येच बॅरी झुकरमन या बालरोगतज्ज्ञानं विभागात वकील आणून बसवला. दम्याची मुलं औषधानं बरी होऊन ओल्या, बुरशी धरलेल्या घरात परत जात आणि पुन्हा भरती होत. वकिलानं घरमालकांना दुरुस्ती करायला लावली. परभणीत घरमालकाऐवजी मुकादम असेल आणि बुरशीऐवजी टँकरचं पाणी, एवढाच फरक.

अमेरिकेत आता बालरोग विभागात कुटुंबाला छापील प्रश्नावली देतात: गेल्या वर्षभरात अन्न संपेल अशी काळजी वाटली का, आणलेलं अन्न पुरलं का. तिथे ते ठीक आहे, कारण तिथली गरिबी कपड्यांवरून ओळखू येत नाही. आपल्याकडे पालमहून रात्री दोन वाजता टमटमनं आलेल्या बाईला "तुम्हाला पैशांची चणचण आहे का?" असं विचारणं म्हणजे तिची थट्टा आहे. इथले प्रश्न वेगळे हवेत आणि कमी हवेत. आम्ही चारच ठेवले आहेत: सोबत कोण आहे, घरी कोण राहिलंय, फोन कुणाला लावायचा, आणि पुढे न्यायचं झालं तर अडचण काय. गोरमाटी किंवा दखनी बोलणाऱ्या कुटुंबाला ते त्यांच्या बोलीत विचारता यावेत म्हणून उच्चारांसह दिले आहेत.

प्रश्न विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. म्हणून पुस्तिकेचा मोठा भाग काय कुठे मिळतं यालाच दिला आहे. काही गोष्टी डॉक्टरांनाच ठाऊक नसतात. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत परभणी असल्यानं महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत इथल्या शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही जागा मिळाली. आणीबाणीत आधी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची आणि कागद मागाहून द्यायची सोय त्या योजनेत आहे, तरी खिडकीवर "आधी कार्ड आणा" हेच ऐकू येतं. दहा महिन्यांच्या लेकराचं नाव बहुधा अजून शिधापत्रिकेवर चढलेलं नसतं आणि शिधापत्रिका गावाकडच्या पेटीत असते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले; बाहेरच्या औषधाची चिठ्ठी मात्र अजून खिशातून निघते, आणि निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात. तीव्र कुपोषित मुलासाठी पोषण पुनर्वसन केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते. त्या एका तरतुदीमुळे बाया चौदा दिवस थांबतात, हे पाहिल्यावर 'समुपदेशन' या शब्दावरचा माझा विश्वास बराच कमी झाला.

शिक्षणाकडे वळू. कागदावर आपला अभ्यासक्रम मागासलेला नाही. २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा विभाग आहे. पोरं त्याला 'एटकॉम' म्हणतात आणि झोप काढायचा तास समजतात. दोष पोरांचा नाही. व्याख्यानगृहात सहानुभूतीच्या व्याख्या फळ्यावर लिहिल्या तर दुसरं काय होणार? राष्ट्रीय वैद्यक आयोगानं पुढे कुटुंब दत्तक उपक्रम आणला: पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यानं खेड्यातल्या काही कुटुंबांकडे जात राहायचं. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण ती जनऔषधशास्त्र विभागाच्या वहीत अडकते. ज्या विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षी एखाद्या घरात बसून चहा घेतला, तोच चार वर्षांनी तसल्याच घरातल्या बाईला कॅज्युअल्टीत 'नातेवाईक' म्हणून हाकलतो, आणि या दोन माणसांची गाठ कुणी घालून देत नाही.

ही गाठ घालायला फार लागत नाही. आमची सूचना अशी: इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीची जी दोन आठवड्यांची पाळी असते, तिच्यात प्रत्येक इंटर्ननं रेफर झालेल्या किंवा 'डामा' होऊन गेलेल्या मुलांपैकी एकाच्या घरी आठवडाभरानं फोन करायचा. मूल कसं आहे, पोचलात का, कुठे अडलात. उत्तरं विभागाच्या बैठकीत वाचायची. तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात येणाऱ्या पदव्युत्तर डॉक्टरांनाही हेच लागू करायचं. पहिल्या फोनलाच इंटर्नला कळतं की ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये घालायला सांगितलं होतं, पण घरात लिटर मोजायला काही नव्हतं आणि पाकीट तांब्याभर पाण्यात गेलं. हे त्याला कुठलंही पुस्तक शिकवणार नाही, ही पुस्तिकासुद्धा नाही.

परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये शंभर विद्यार्थ्यांनी सुरू झालं. जुन्या महाविद्यालयांत पन्नास वर्षांच्या सवयी मुरलेल्या असतात. इथे सीनियर ज्युनिअरला काय शिकवतो याची परंपरा अजून पडायची आहे. पहिली तुकडी २०२८ मध्ये इंटर्न म्हणून कॅज्युअल्टीत उभी राहील, म्हणजे वेळ आहे. रात्रपाळीला समाजसेवा अधीक्षक असावा, ही मागणी पदनिर्मितीची आहे. ती मुंबईला जाईल आणि तिथे किती काळ राहील ते सगळ्यांना माहीत आहे. बालरोग कॅज्युअल्टीत आईला टेकायला एक बाकडं, फोन चार्ज करायला एक प्लग, आणि रेफर चिठ्ठीवर नातेवाइकाचा दुसरा नंबर लिहायची सवय, एवढ्यासाठी मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.